गावोगावच्या चळवळींचं सामायिक माध्यमजाळं: गोव्याच्या फोंड्यातल्या कामाच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पहिली बैठक. सत्तरी तालुक्यात जमिनीच्या हक्कांसाठी झगडणारा गट, डिचोलीच्या खाणपट्ट्यातले, जमिनीच्या वापराचा झोन बदलण्याविरुद्ध उभे राहिलेले पेडण्याचे तरुण, सासष्टीतले खाजनशेतीवाले, म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती करणारे, आणि किनाऱ्यावरून रापण ओढून मासे धरणारे रापणकार, पणजीचे विद्यार्थी आणि आम्ही फोंड्याच्या बायका. प्रत्येकाकडे फेसबुकचं पान आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहेत, कुणाचा यूट्यूब चॅनल आहे. एकमेकांचं मात्र कुणी बघत नाही. पेडण्यात डोंगर कापला तर पेडण्यातच ओरड, डिचोलीत ट्रकांची धूळ उडाली तर डिचोलीतच खोकला. सत्तेला हेच सोयीचं असतं. लोकशाहीची चौकट शाबूत ठेवून दडपशाही करणारी सत्ता सगळ्यांची तोंडं एका दिवसात बंद करत नाही. आपण एकटेच आहोत असं ती प्रत्येकाला वाटू देते आणि मग एकेकाला गाठते.

डिचोलीच्या काकांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "बाय, आमची बातमी तुमच्या नावावर जाणार नाही ना?" या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून बराच वेळ त्यावरच गेला. ठरलं ते असं. नवी संघटना नको, नवा झेंडा नको, अध्यक्ष तर नकोच. प्रत्येक गटाची स्वतःची जागा राहील. त्या सगळ्या जागांवरचा मजकूर एका सामायिक पानावर आपोआप दिसेल, ज्याचा त्याच्या नावानिशी. कुणाचाही मजकूर दुसऱ्याने नाव देऊन छापावा, आधी विचारायची गरज नाही. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना वापरू.

स्वतःची जागा कशाला, फेसबुक आहेच की, असं दोघांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्यांनी शेतकरी आंदोलनाची आठवण करून दिली. २० डिसेंबर २०२० ला किसान एकता मोर्चाचं फेसबुक पान अचानक गायब झालं होतं. आरडाओरड झाल्यावर काही तासांत परत आलं. दिल्लीच्या वेशीवर हजारो माणसं बसली होती, साऱ्या देशाचं लक्ष होतं, म्हणून ते परत आलं. आमच्या वाड्यावरचं पान गेलं तर कोण ओरडणार?

रविवार, ८ जून

तांत्रिक ढाचा. पणजीच्या पोरांनी मांडला आणि सगळ्यांना कळेपर्यंत पुन्हा पुन्हा समजावला. प्रत्येक गटाची एक साधी, हलकी वेबसाइट, सत्तरीत रेंजची एकच दांडी असली तरी उघडेल अशी. प्रत्येकीला आरएसएस फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या मजकुराची आपोआप निघणारी यादी. सामायिक पान या फीड वाचतं आणि नवं काही आलं की लावतं. आरएसएस जुनी गोष्ट आहे, कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही, म्हणूनच भरवशाची. चर्चेसाठी मॅस्टोडॉन, व्हिडिओसाठी पीअरट्यूब. ही दोन्ही अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या मोकळ्या नियमांवर चालतात, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून मान्य केले. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायची वेळ आली तर मॅस्टोडॉनवर अनुयायी बरोबर नेता येतात, जुना मजकूर मात्र नेता येत नाही. तो आपला आपण जपायचा.

फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं नाही. आमची माणसं तिथेच आहेत. फक्त तिथे बसायचं ते बाजारात भाड्याच्या गाळ्यावर बसल्यासारखं, मूळ माल आपल्या घरी ठेवून.

बुधवार, १८ जून

गोव्याचा क्रांतिदिन. सकाळी मडगावला जाऊन आले. १९४६ साली याच दिवशी डॉ. राम मनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी बंदी मोडून तिथे सभा घेतली. दरवर्षी हार घातले जातात, भाषणं होतात. ती सभा लोकांना इतकी मोठी का वाटली हे कळायला त्याआधीची शांतता आठवावी लागते. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापायची ओळन् ओळ आधी सेन्सॉरकडे जायची, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं 'प्रकाश' १९३७ मध्ये बंद पाडलं गेलं. १९१२ पासून मराठी 'भारत' चालवणारे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई आयुष्यभर त्या सरकारशी झुंजले.

संध्याकाळच्या बैठकीत मी मुक्तिलढ्यातल्या रेडिओचा विषय काढला. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी सरहद्दीबाहेरच्या जंगलातून, आधी आंबोलीहून आणि मग कॅसलरॉकहून, गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालवला. कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. लिबियाबाईंना यंदा पद्मश्री जाहीर झाली. शंभरी गाठलेल्या या बाईंचा फोटो तेव्हा सगळ्यांनी पुढे पाठवला होता. त्यांच्या कामाची रचना मात्र थोड्यांनीच नीट पाहिली. प्रक्षेपक सीमेबाहेर, पोलिसांचा हात पोचणार नाही अशा जागी. बातमी आतली, गावागावांतून येणारी. ऐकणारे आपापल्या घरात, हळू आवाजात. आणि रोज ठरल्या वेळी प्रसारण, कारण पोर्तुगीज सरकार जे खोटं सांगायचं ते रोज सांगायचं. आम्हाला त्यांच्याकडून घ्यायचं ते हे: यंत्र कुठे ठेवायचं याचा विचार, आतल्या बातमीदाराची काळजी आणि खंड न पडू देणं. धाडसाच्या गोष्टी सांगून झाल्यावर इथवर यायला हवं.

डिचोलीचे काका म्हणाले, "म्हणजे दर आठवड्याला कायतरी हवंच." हवंच. शनिवारी संध्याकाळी सहाला आठवड्याचं संकलन, ठरलं.

रविवार, २९ जून

भाषा. हा विषय निघणारच होता आणि निघाला. सासष्टीचे लोक रोमी कोंकणीत लिहितात, पणजीची मुलं देवनागरी कोंकणीत, सत्तरी-डिचोली-पेडणे आणि आम्ही मराठीत. गोव्यात भाषेवरून घरं फुटली आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आठवणी दोन्ही बाजूंना अजून ताज्या आहेत. कुणी म्हणालं, एकच भाषा ठेवा. कुणी म्हणालं, इंग्रजी ठेवा, भांडण मिटेल. मला दोन्ही पटलं नाही. इंग्रजी ठेवली तर भांडण मिटेल आणि वाचकही जातील.

मी जनमत कौलाचं उदाहरण दिलं. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन न होता वेगळा राहावा यासाठी ज्यांनी प्रचार केला त्यांचं मोठं हत्यार 'राष्ट्रमत' होतं आणि ते मराठी दैनिक होतं. विलीनीकरणाच्या बाजूचा वाचक मराठी वाचणारा, तर त्याच्याशी मराठीत बोलायचं असं त्यांनी ठरवलं. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्याच पानांवर यायचं. कौलाबद्दल आमच्या खोलीत आजही एकमत नाही. माझ्या घरातली जुनी माणसं दुसऱ्या बाजूची होती. पण ज्याचं मन वळवायचं त्याच्या भाषेत जायचं, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य केली.

निर्णय: भाषांतर करत बसायचं नाही. प्रत्येक विषयाचं एक तथ्यपत्र करायचं. काय झालं, कुठे, कधी, कोणता कागद आहे, कोण साक्षीदार, सरकारी खातं काय म्हणतं. ते सगळ्यांचं एक. त्यावरून प्रत्येक गट आपल्या भाषेत, आपल्या लोकांना लागेल तसं नव्याने लिहील. रापणकारांचा लेखक तेच तथ्यपत्र घेऊन वेगळ्या गोष्टीने सुरुवात करेल. करू दे.

रविवार, १३ जुलै

आजची नोंद सविस्तर, पुढे प्रशिक्षणात लागेल.

पेडण्याच्या मुलाने व्हिडिओ आणला. जेसीबी डोंगराची कड खरवडतोय, लाल माती खाली कोसळतेय. सोबत मजकूर: "काल रात्री आमच्या वाड्यावर, सगळीकडे पाठवा." व्हिडिओ शेकडो ठिकाणी फिरून आला होता. मुलगा पेटलेला होता, लगेच लावा म्हणत होता.

सत्तरीची शेतकरी मावशी मागे बसली होती. तिने चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आषाढात इतकी धूळ कुठून रे आली?" खरंच. मशीनच्या मागे लाल धुळीचा लोट होता. बाहेर तेव्हा पाऊस कोसळत होता. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. डावीकडच्या काजूला मोहोर. म्हणजे फार तर मार्चपर्यंतचं चित्रण.

खोटा व्हिडिओ म्हणून फेकून देणं सोपं होतं. ते केलं नाही, कारण जागा त्याच वाड्याची होती. विजेचा खांब, त्याच्यामागचा ट्रान्सफॉर्मर, पलीकडची पांढरी घुमटी, सगळं मुलाच्या ओळखीचं. मूळ चित्रण करणाऱ्यापर्यंत पोचलो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो किंवा व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की त्याच्या पोटातली तारीख-वेळेची माहिती बहुधा गळून जाते, म्हणून त्याला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. तारीख निघाली फेब्रुवारीची. मग सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं काढली. ती मोफत मिळतात, दर पाच दिवसांनी नवी, दहा मीटरपर्यंतचं दिसतं. जुलैत नुसते ढग. फेब्रुवारीच्या आधीच्या चित्रात हिरवा उतार, नंतरच्या चित्रात तिथेच उघडा तांबडा डाग.

आता खरी बातमी हातात आली आणि ती फिरत असलेल्या बातमीपेक्षा मोठी होती. डोंगर उन्हाळ्यात कापला. आता पावसात त्याचा चिखल खालच्या शेतात उतरतोय. मुलगा भर पावसात गेला आणि लावणीच्या शेतात घोट्यापर्यंत साचलेल्या तांबड्या गाळाचे फोटो घेऊन आला. नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाखाली डोंगर कापायला परवानगी लागते. ती होती का, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. संकलनात दोन्ही चित्रं शेजारी लावली, दोघांच्या तारखा ठळक.

खात्यातल्या कुणी म्हणालं असतं, व्हिडिओ जुना आहे, हे अफवा पसरवतात. तेवढ्या एका वाक्यात त्या वाड्याचं खरं दुःखही खोटं ठरलं असतं. तपासणीला वेळ लागतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी हेच सांगते.

त्याच तथ्यपत्रात १७(२) कलमाचा इतिहास जोडला. २०२३ मध्ये आलेल्या या कलमाने एकेका भूखंडाचा झोन 'दुरुस्ती'च्या नावाखाली बदलण्याची वाट उघडली. १३ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. तोवर झोनबदलाची वाट पुन्हा उघडणारं ३९अ कलम आलेलं होतं. हे सगळं लोकांना माहीत असतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. पेडण्याला एक तुकडा, सासष्टीला दुसरा.

रविवार, २० जुलै

दिवसभर वीज नाही. बैठक पुढे ढकलली.

रविवार, ३ ऑगस्ट

वकीलबाई आल्या. कायद्याची उजळणी, सगळ्यांना कळेल अशा शब्दांत.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली केंद्र सरकार मजकूर बंद करायचा आदेश देऊ शकतं आणि तो आदेश गुप्त ठेवला जातो. ज्याचा मजकूर गेला त्याला कारणही कळत नाही. दुसऱ्या बाजूला, सरकारबद्दलचं काय खरं आणि काय खोटं हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. बाईंचं म्हणणं, दोन्ही लक्षात ठेवा. घाबरून लिहिणं सोडू नका, आणि कागद नसताना कुणावर आरोप करू नका. बदनामीचा फौजदारी गुन्हा भारतीय न्याय संहितेत ३५६ कलमाखाली अजूनही आहे.

सगळ्यात उपयोगी गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमातली. ६३ कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारी तिची खास खूण, द्यावं लागतं. म्हणून आजपासून मूळ फाइल हाती आली की आधी तिचं एसएचए-२५६ पद्धतीचं हॅश काढून वहीत आणि यादीत नोंदवायचं, मगच काटछाट. आज प्रसिद्ध केलेला व्हिडिओ तीन वर्षांनी कोर्टात लागू शकतो.

चेहरे: ज्याची परवानगी नाही त्याचा चेहरा धूसर. कामगार, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे), परप्रांतीय मजूर यांच्या बाबतीत परवानगी असली तरी दोनदा विचार.

पैसे: परदेशी निधी घ्यायचा नाही. वृत्तमाध्यमांना एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्याखाली तो चालतच नाही. प्रत्येक गटाने महिन्याची वर्गणी द्यायची, हिशोब सामायिक पानावर उघडा ठेवायचा.

रविवार, १७ ऑगस्ट

सत्तरीत ग्रामसभा होती. आमच्या दोन मुलींनी चित्रण केलं. एका बाईने सरपंचाला विचारलं, "आमच्या कसणुकीच्या जमिनी कागदावर कोणाच्या नावावर आहेत ते मोठ्याने वाचा." बराच वेळ कोणी काही बोललं नाही. हा तुकडा जसाच्या तसा लावला, संगीत नाही, वर मजकूर नाही.

रात्री सासष्टीहून रापणकार मावशीचा आवाजातला निरोप आला. तिला मराठी पूर्ण कळत नाही, पण त्या बाईचा प्रश्न कळला होता. आपल्या ग्रामसभेत खाजनाच्या बांधाबद्दल ती तोच प्रश्न विचारणार आहे. आणखी दोन गटांनी तो तुकडा आपापल्या पानांवर घेतला. हे सगळं ज्यासाठी मांडलं ते आज डोळ्यांनी पाहिलं.

सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीच्या जागेविरुद्ध लढा दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने ती जागा सोडली. तेव्हा दक्षिण गोव्यातल्या किती वाड्यांवर ती लढाई त्या गावकऱ्यांच्या तोंडून पोचली होती? जी पोचली ती बहुतेक टीव्हीच्या चौकटीतून, पोलिसांशी झटापट तेवढी.

रविवार, ७ सप्टेंबर

चवथ आटोपली. घरोघरी माणसं होती, तरी शनिवारचं संकलन चुकलं नाही.

छापील पत्रकाचा विषय. फोन नसलेली, किंवा फोनवर फक्त भजनं आणि नातवंडं बघणारी माणसं ग्रामसभेत हात वर करतात. त्यांना सोडून कसं चालेल? हंगेरीत २०१८ मध्ये सरकारच्या बाजूचे मालक चारशेहून अधिक माध्यमं एकाच प्रतिष्ठानच्या हवाली करून मोकळे झाले. तिथल्या काही लोकांनी त्याआधीच, २०१७ पासून, स्वतंत्र माध्यमांतल्या बातम्यांचा सारांश ए-फोर कागदाच्या दोन बाजूंवर छापून खेड्यांत वाटायला सुरुवात केली होती. नाव साधंच, 'तूही छाप'. कागद नेटवरून उतरवायचा, घरी छापायचा, शेजारच्या पेट्यांत टाकायचा. आपल्याकडे शेतकरी आंदोलनात डिसेंबर २०२० पासून 'ट्रॉली टाइम्स' निघालं, गुरुमुखीत आणि हिंदीत, ट्रॉल्यांमधून राहणाऱ्यांसाठी.

आमचंही पत्रक एका कागदाचं, मोठ्या अक्षरांत, दर पंधरवड्याला. गाड्यावर भाजीपाव खाताना वाचून होईल एवढंच. खाली मुद्रकाचं आणि जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता, कारण निनावी कागदावर गाव विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये.

रविवार, २८ सप्टेंबर

दोन अवघड गोष्टी.

पहिली पटकन सुटली. जिल्हा पंचायतीची निवडणूक जवळ येतेय. एका पक्षाचा माणूस येऊन म्हणाला, तुमच्या पानावर आमच्या उमेदवाराला जागा द्या, छपाईचा खर्च आम्ही करू. नको म्हणून सांगितलं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न लेखी पाठवू, जी उत्तरं येतील ती छापू.

दुसरी अजून मनात आहे. आमच्याच एका सदस्य गटातल्या ज्येष्ठ कार्यकर्त्याविरुद्ध त्याच्या भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, मुंडकाराची तक्रार आली. घराची कौलं बदलायला अडवतो. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ज्यांना संरक्षण दिलं त्यांतलं हे कुटुंब. बैठकीत आवाज चढले. आता बाहेरून इतका दाब असताना आपल्याच माणसाला उघडं पाडायचं? विरोधकांना आयतं मिळेल, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

मी उभी राहून बोलले. हेच कारण सत्ताधारीही देतात. देशावर संकट आहे, आता प्रश्न विचारू नका. ते कारण आम्ही आमच्या खोलीत वापरलं तर मुंडकाराच्या बायकोला आमच्यात आणि त्यांच्यात काय फरक दिसेल? तथ्यपत्र करा, कागद बघा, त्या कार्यकर्त्याचं म्हणणं पूर्ण घ्या आणि छापा. ज्या गटाचा तो माणूस, त्यांनी या तपासणीत बसायचं नाही.

छापायचं ठरलं. एकमताने नाही. एक जण उठून गेला.

रविवार, १९ ऑक्टोबर

सराव. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद केला, आधी तांत्रिक गट सोडून कुणाला न सांगता.

याची गरज का, हे सांगायला इंडीमीडियाची गोष्ट आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेविरुद्धच्या निदर्शनांत ते जाळं जन्माला आलं आणि शहराशहरांत पसरलं. ७ ऑक्टोबर २००४ ला अमेरिकी तपासयंत्रणेच्या मागणीवरून लंडनमधले सर्व्हर उचलले गेले आणि वेगवेगळ्या देशांतल्या वीसहून अधिक साइट एकदम अंधारात गेल्या. माणसं विखुरलेली होती, पण यंत्रं एका जागी.

आमच्या सरावात गटांच्या स्वतःच्या साइट चालू राहिल्या, कारण त्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. सामायिक पानाची राज्याबाहेरची प्रत दुपारपर्यंत उभी राहिली. पीअरट्यूबवरचे ज्यांची प्रत दुसऱ्या सर्व्हरने घेतली होती तेवढे व्हिडिओ वाचले. डिचोलीच्या काकांनी पान दिसत नाही म्हणताच कुणाच्या सांगण्याची वाट न बघता पत्रकाचा मजकूर फोनवरून चौघांना वाचून दाखवला आणि लिहून घ्यायला लावला.

रविवार, २ नोव्हेंबर

चांदरच्या रात्रीला काल पाच वर्षं झाली. १ नोव्हेंबर २०२० ला रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर रुळांवर होते. मोलेचं जंगल वाचवण्याच्या लढ्यातली ती रात्र. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. त्या रात्रीची चित्रणं घेऊन या असं सगळ्या गटांना सांगितलं होतं. ढोल वाजवणारे, मेणबत्त्या घेतलेले, सगळ्यांच्या फोनमध्ये काही ना काही होतं. निम्म्याहून जास्त गेलं आहे. फोन बिघडले, खाती बंद झाली, 'चोवीस तासांत जाणारी' म्हणून टाकलेली चित्रणं खरोखरच गेली. जे उरलं ते आज उतरवून घेतलं, हॅश नोंदवलं, तीन प्रती केल्या: फोंड्यात, पणजीत, राज्याबाहेर.

शेळ-मेळावलीचं हेच काम डिसेंबरात करायचं. त्याआधी फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, नायलॉन कारखान्याविरुद्धच्या १९९५ च्या आंदोलनातल्या लोकांकडे जायचं. तिथे फोन नव्हते, पण पत्रकं, छायाचित्रं, कोर्टाचे कागद पेट्यांत पडले असतील आणि ती माणसं आता सत्तर वर्षांच्या पुढची आहेत.

काणकोणचा गट पुढच्या बैठकीला येतोय. त्यांनी कळवलंय की आधी व्हिडिओ तपासायला शिकवा, पान नंतर. सत्तरीच्या मावशीला शिकवायला बोलावलं आहे. ती दुपारच्या बसने येईल, परतीचं भाडं वर्गणीतून.